लोकर कुणाला धरते

माझं माहेर शिवऱ्याचं, अगदी हायवेला लागून. वडिलांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, म्हणजे अजूनही आहे. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, मोटारसायकलच्या उतरलेल्या बॅटऱ्या लोक आणून ठेवत आणि चार्ज झाल्या की घेऊन जात. लाल चिमटा प्लसला आणि काळा मायनसला, हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. दुकानात येणारी बरीच माणसं लाल चिमट्याला ‘चांगला’ म्हणत आणि काळ्याला ‘बेकार’. लाल चिमटा जपून हातात धरायचा, काळा मातीत फेकायचा. मला त्याचा तेव्हाही राग यायचा. ‘काळा काढून घेते, मग चालवून दाखवा तुमचा ट्रॅक्टर,’ असं मी चौथीत असताना एका गिऱ्हाइकाला सुनावलं होतं. वडिलांनी मला लगेच घरी पिटाळलं, पण पिटाळताना ते हसत होते.

सांगायचं एवढंच, की मी लहानपणापासून भांडखोर आहे, आणि प्लस-मायनसच्या बाबतीत तर जरा जास्तच.

भोरच्या कॉलेजात बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात माझं लग्न झालं. सासर वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. घर मेंढरांचं. पावसाळ्यात आमच्याकडे आभाळ फाटतं आणि मेंढराला चिखल मानवत नाही, म्हणून पाऊस लागायच्या बेताला पुरुष माणसं कळप घेऊन पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात जातात आणि दिवाळीनंतर परत येतात. त्यामुळे लोकर कातरायच्या वेळा दोन. एक कळप निघायच्या आधी, म्हणजे वळवाच्या दिवसांत, आणि दुसरी परत आल्यावर, पौषाच्या थंडीत.

घरात लोकरीचा कारभार आत्याबाईंकडे. या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. तरुणपणीच नवरा गेला म्हणून माहेरी परत आल्या आणि मग घर त्यांच्याच हाताखाली चाललं. अंगानं काडी, पण आवाज असा की पलीकडच्या टेकाडावरची शेरडं वळायची. कुठली लोकर विकायची, कुठली घरात ठेवायची, कुणी पिंजायची, कुणी कातायची, सगळं त्या ठरवणार. त्यांच्या शब्दापुढे सासरेसुद्धा बोलत नसत.

या घरात एक रीत आहे. आजूबाजूच्या घरांत ती आहे की नाही, मला माहीत नाही, मी कुठे पाहिली नाही. नवी सून आली की तिच्या पहिल्या कातरणीला तिला अंगणात बसवतात. नुकतीच पिंजलेली मोकळी लोकर तिच्या पदरात घालतात. मग तिनं उभं राहायचं आणि पदर सोडून द्यायचा. लोकर पदराला चिकटून राहिली तर म्हणतात, लोकरीनं धरली. खाली पडली तर, न्हाई धरली.

माझी कातरणी लग्नानंतर महिन्याभरातच आली. थंडी मी म्हणत होती. सकाळपासून मी लग्नातली गुलाबी पॉलिस्टरची साडी नेसून, वरून घोंगडं पांघरून चुलीपाशी बसले होते. ऊन चांगलं वर आल्यावर मला अंगणात बोलावलं. मी घोंगडं काढलं तशी साडी तडतड वाजली. मी खाली बसले, आत्याबाईंनी ओंजळभर काळी लोकर माझ्या पदरात घालायला हात पुढे केला, आणि लोकर हातातून सुटायच्या आधीच उडाली. पदराला चिकटली, दंडाला चिकटली, केसांत गेली, एक पुंजका थेट नाकावर. मी उठून पदर झटकला तर आणखीच चिकटली.

‘धरली! धरली गं माजी बाय!’ आत्याबाई ओरडल्या. माझ्या कपाळाला त्यांनी भंडारा फासला. ‘सत्तर वरसात असं बगितलं न्हाई म्या. लोकर उडून गेली की पोरीकडं!’

मी नवी नवरी. गप्प बसायला हवं होतं. पण मला हसू आवरेना आणि मी भर अंगणात सांगून टाकलं, ‘आत्याबाई, हे साडीमुळं झालंय. पॉलिस्टर आणि लोकर एकमेकांवर घासली की दोघांवर वेगवेगळा चार्ज येतो, म्हणून ती एकमेकांना ओढतात.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग आत्याबाई म्हणाल्या, ‘शिकल्याली हाय.’ आणि सगळे हसले. विषय तिथंच संपला.

त्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले. दुधावरची साय मला. शाळेत नोकरीचं निघालं तेव्हा घरात कुणी नाही म्हणालं नाही, कारण आत्याबाईंनी सांगितलं, लोकरीनं धरलेली सून हाय, जाऊ द्या तिला. वेल्ह्याच्या एका शाळेत मी तासिकेवर विज्ञान शिकवायला लागले. सकाळी खाली उतरून ST धरायची, दुपारी परत. माझं मजेत चाललं होतं.

एकच घोटाळा होता. मला सूत कातता येत नव्हतं. टकळी फिरवली की माझ्या हातून जे निघे त्याला सूत म्हणायला धीर लागे. इथे मनगटाएवढं जाड, तिथे केसाएवढं, आणि मध्येच तुटलेलं. आमचे हे एकदा म्हणाले, ‘ह्याचं घोंगडं विनलं तर पांगरायचं का चाळणी म्हनून वापरायचं?’ मी टकळी त्यांच्या अंगावर फेकली. पण खोटं काही बोलले नव्हते ते.

घरात सुरेख सूत कुणाचं, तर आक्कांचं. आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. शेरडं घेऊन वर सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर जात, तेव्हा काखेला लोकरीचे पेळू, म्हणजे पिंजून वळलेल्या गुंडाळ्या, आणि हातात टकळी. चालता चालता कातत. संध्याकाळी घरी येत तेव्हा टकळीवर सूत भरलेलं असे, एकसारखं आणि बारीक. विकायच्या घोंगड्यांना ते सूत जाई. बोलायच्या कमी, पण माझ्यावर जीव. पहिल्या वर्षी माझ्या भाकऱ्या चंद्रकोरीसारख्या व्हायच्या, तर माझी भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घेऊन आपली मला वाढायच्या. अशी जाऊ मिळाली म्हणून मी त्या डोंगरात टिकले, हे मी कुणालाही सांगेन.

गेल्या वर्षी आक्कांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. फाल्गुनातली तिथी निघाली. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरी ज्या घोंगड्यावर बसतात ते नवं असतं, आणि त्याचं सूत मुलीच्या आईनं कातायचं असतं. नंतर मुलगी ते घोंगडं घेऊन सासरी जाते. आईच्या हातचं म्हणून ते ती आयुष्यभर जपते. माझ्या आईला कातता येत नव्हतं, तर तिनं शेजारच्या म्हातारीपुढे बसून टकळी शिकून घेतली होती माझ्यासाठी.

पौषात कातरणीची तयारी चालली होती. ओसरीवर बसून आत्याबाईंनी कामं वाटली. सगळ्यात शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘लग्नाचं सूत तू काडायचं.’

मला वाटलं त्या गंमत करताहेत. ‘मी? आणि आक्का?’

‘तिला लोकरीनं धरली न्हाई,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, द्वेष नव्हता. पाऊस पडतो म्हणावं तसं म्हणाल्या. ‘विकायचं सूत काडू दे की, कोन न्हाई म्हनतंय. पर लग्नाचं नि देवाचं न्हाई. पोरीच्या संसाराला लागंल.’

मी आक्कांकडे पाहिलं. त्या लोकर निवडत होत्या. मान वर केली नाही. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या पदराला लोकर चिकटली तेव्हा ह्या बाई तिथेच पिंजत बसल्या होत्या, आणि त्यांच्या पदरातून ती कधीकाळी पडली होती.

रात्री स्वयंपाक उरकल्यावर चुलीपाशी मी त्यांना गाठलं. ‘तुमची पहिली कातरणी कधी झाली होती?’

‘लगीन वैशाखात झालं. कातरनी वळवाच्या दिसांत. आदल्या सांजचाच पाऊस पडून गेल्याला.’

‘साडी कुठली होती?’

‘सुती. दुसरं काय असतंय तवा?’

मला एकदम इतकं हसू आलं की त्या नादात चुलीवरचं दूध उतू गेलं. ‘आक्का, अहो, दमट हवेत सुती साडीला लोकर चिकटेल कशी? तिथे साक्षात देवी आली असती तरी तिच्या पदरातून पडली असती!’

‘तुजं ते प्लस मायनस?’

‘माझं नाही, सगळ्यांचं.’ मग मी त्यांना नीट सांगितलं. प्रत्येक वस्तूत दोन्ही प्रकारचे चार्ज असतात, प्लस आणि मायनस, सारखेच. लोकरीत, साडीत, ह्या पातेल्यात, तुमच्या-माझ्यात. सारखे असतात म्हणून कळत नाही. दोन वस्तू घासल्या की एकीतले थोडे मायनस उठून दुसरीकडे जातात. ज्याच्याकडून गेले ते प्लस झालं, ज्याच्याकडे आले ते मायनस. मग प्लस मायनसला ओढतं. प्लस प्लसला मात्र ढकलतं, म्हणून तर कोरड्या दिवसांत लोकर पिंजताना तिचे धागे एकमेकांपासून लांब उभे राहतात. लोकरीतले मायनस पॉलिस्टर ओढून घेतं. सुती कापड फारसं काही घेतही नाही नि देतही नाही, आणि त्यात ओल असली तर जे काही आलं असेल तेही निघून जातं.

आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजी ज्याचं गेलं त्याला प्लस म्हनायचं? आन ज्याच्याकडं आलं त्याला मायनस?’

‘हो.’

‘उलटंच हाय की हे.’

‘आहेच उलटं. आधी नावं देऊन बसले आणि काय कुठून कुठे जातं ते नंतर कळलं. तोवर नावं रुळली होती.’

‘मंग त्यातलं चांगलं कंचं?’

‘कुठलंच नाही. नावं आहेत नुसती.’

आक्का पदराच्या टोकानं सांडलेलं दूध पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला ते चांगलं-वाईट काय बी नको. पोरीचं सूत तेवडं माज्या हातचं जावं.’ आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या बाईंना मी मेंढी दगावली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. माझं डोकं फिरलं.

डोकं फिरलं की मी घाई करते. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. सात वाजता खाली उतरायचं होतं, नाहीतर ST चुकली असती. आक्कांना माझी ती गुलाबी साडी नेसवली. त्या नको नको म्हणत होत्या, पण मी ऐकते कशाला. आत्याबाईंना म्हणाले, ‘तुम्ही स्वतःच्या हातानं घाला लोकर. बघा आता कशी धरते ती.’

अंगणात धुकं इतकं होतं की गोठा दिसत नव्हता. दगडावर, गवतावर, दोरीवरच्या कपड्यांवर दव. आक्का बसल्या. आत्याबाईंनी पदरात लोकर घातली. आक्का उठल्या, पदर सोडला. सगळी लोकर एका गठ्ठ्यात खाली पडली.

आत्याबाईंनाही त्याचा आनंद झाला नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. ‘बगितलंस?’ एवढंच त्या म्हणाल्या. आक्का आत गेल्या, साडी बदलली, गुलाबी साडीची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि शेरडं सोडायला निघून गेल्या. एकदा पडली होती, ती आता माझ्यामुळे दोनदा पडली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

त्या दिवशी मला वेल्ह्याला नव्हे, त्याच्याही खाली मार्गासनीच्या पुढच्या एका शाळेत बैठकीला जायचं होतं. ST मार्गासनीपाशी आली तेव्हा खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि मी ते बघत बसले होते. एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धुकं! दव! सगळ्या बैठकीभर मी स्वतःला शिव्या घालत होते. दरवर्षी मुलांना मी हेच शिकवते, की हे प्रयोग पावसाळ्यात फसतात, कारण दमट हवेत चार्ज टिकत नाही. आदल्या रात्री आक्कांना हेच सांगताना दूध उतू घालवलं होतं. आणि सकाळी धुक्यात जाऊन तोच प्रयोग केला! शिवाय माझ्या वेळी मी अर्धा दिवस घोंगड्यात बसले होते, साडी त्याच्यावर घासत होती. आक्कांना तर नेसल्या नेसल्या उभं केलं होतं. घासणंच झालं नाही तर चार्ज येणार कुठून?

घरी आल्यावर आक्कांना म्हटलं, पुन्हा एकदा करू, दुपारच्या उन्हात. त्यांनी साफ नकार दिला. ‘दोनदा झालं. पोरीपुढं तिसऱ्यांदा नको.’ त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ज्याची लोकर पडते त्यालाच परत परत उभं का करायचं?

मग मला सुचलं. लोकर जिला धरते, तिला उभं करू.

रविवार होता. सकाळचं धुकं विरून लख्ख ऊन पडलं होतं आणि डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. अशा दिवशी आमच्याकडे ओठ फुटतात आणि केस विंचरले की फणीमागे उभे राहतात. अंगणात पिंजण चाललं होतं. आत्याबाई ताज्या लोकरीचे पेळू वळत होत्या. लग्नाचं सूत मी अजून सुरू केलं नव्हतं, आणि त्या दिवसातून दहादा मला टोकत होत्या. मी आत जाऊन आक्कांची जुनी सुती साडी नेसले आणि बाहेर येऊन आत्याबाईंपुढे बसले. पदर पसरला.

‘काय गं, मास्तरीनबाई?’

‘घाला लोकर.’

‘तुला धरल्याली हाय की.’

‘पुन्हा बघायचंय. लग्नाचं सूत मी काढायचं ना? मग खात्री करून घ्या.’

हे त्यांना पटलं. खात्री करून घेणं त्यांना नेहमीच पटतं. त्यांनी एक पुंजका उचलून माझ्या पदरात घातला. मी उठले, पदर सोडला. लोकर मुकाट्यानं खाली पडली.

आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. ‘अगं बाई! हिची बी गेली!’

‘पुन्हा घाला.’

पुन्हा घातली, पुन्हा पडली. आमचे हे गोठ्याच्या दाराशी उभे राहून हसायला लागले. आत्याबाई त्यांच्यावर डाफरल्या, पण त्या खरंच घाबरल्या होत्या. लग्नाला महिना राहिलेला, आणि घरात लोकरीनं धरलेली एकही सून नाही! ‘आता सूत काडायचं कुनी?’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘दुसरी सून आनायची का म्या आता?’

हे म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी असावं. त्यांचं हसू तिथल्या तिथे थांबलं आणि माझं सुरू झालं.

मी आत गेले, गुलाबी साडी नेसले, घोंगड्यात शिरून चांगली इकडून तिकडे लोळले आणि बाहेर आले. लोकर घालायची गरजच पडली नाही. आत्याबाईंच्या मांडीवरचे पुंजके मी जवळ जाताच उठून माझ्याकडे आले. ‘बघा. बाई तीच आहे,’ मी म्हणाले, ‘मघाशी वाईट होते आणि आता आत जाऊन चांगली होऊन आले का? तुमच्या लोकरीला माणूस कळत नाही आत्याबाई. तिला फक्त साडी कळते.’ हे जरा जोरातच बोलले. खरं तर ओरडलेच.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हात लांब करून माझ्या पदराचं टोक चिमटीत धरलं, चोळून पाहिलं, वास घेतला. एक पुंजका सोडवून घेतला आणि पुन्हा जवळ नेला. तो पुन्हा उडून बसला. असं त्यांनी पुष्कळदा केलं. म्हातारीला मजा वाटायला लागली होती, ते लपत नव्हतं.

‘आन वल असली की?’ त्यांनी विचारलं.

‘ओल असली की काही नाही. परवा धुकं होतं, म्हणून आक्कांचं तसं झालं. आणि त्यांची पहिली कातरणी वळवात झाली होती.’

त्यांनी मान हलवली. वळवाचा तो पाऊस त्यांना आठवत असावा. लोकर पिंजायचं थांबलं होतं. पुतणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि कोपऱ्यात आक्का बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून.

‘आन ती साडी हिकडं,’ आक्का म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्या उठून आत निघाल्या, मी मागोमाग गेले. मी साडी सोडून दिली, त्या नेसल्या. घोंगडं स्वतःच ओढून घेतलं, पांघरलं, झटकून काढलं. तडतड आवाज झाला तशा त्या दचकल्या आणि मग हसल्या. त्यांच्याबरोबर मीही अंगणात आले.

ह्या वेळी लोकर त्यांच्या पदराला धरली, निऱ्यांना धरली, कोपरापर्यंत हाताला धरली. काळ्या पुंजक्यांनी गुलाबी साडी भरून गेली. पुतणी टाळ्या पिटायला लागली. आक्का अंगणाच्या मधोमध हात थोडे लांब धरून उभ्या होत्या आणि स्वतःकडे खाली बघत होत्या. मला खात्री होती की आता त्या रडणार. मी तर रडतच होते.

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. भंडाऱ्याची डबी घेऊन आल्या आणि आक्कांच्या कपाळाला भंडारा लावला. ‘धरली गं,’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच पलीकडच्या टेकाडापर्यंत गेला नाही. ‘काड आता सूत.’

आक्का वाकून त्यांच्या पाया पडल्या. मग आत गेल्या.

मला वाटलं टकळी आणायला गेल्या. मी आत्याबाईंशेजारी बसून डोळे पुसत होते, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, हेही खरं. आज विज्ञान जिंकलं, वगैरे. आक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात टकळी होती. पण अंगावर गुलाबी साडी नव्हती. रोजची, धुऊन धुऊन विटलेली सुती साडी नेसून आल्या होत्या.

‘अगं, बदललीस का?’ आत्याबाई म्हणाल्या.

आक्का त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. ढिगातून एक पुंजका उचलून पदरात घेतला. तो घरंगळत खाली आला, जसा इतकी वर्षं येत होता.

‘पडली बग,’ आत्याबाई म्हणाल्या.

‘पडू द्या,’ आक्का म्हणाल्या. ‘उचलून घेते की म्या.’

त्यांनी पुंजका उचलला, बोटांनी ओढून टकळीला लावला आणि टकळी फिरवली. धागा निघाला, बारीक, एकसारखा. आत्याबाई त्या धाग्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्यापुढचा पेळूंचा सगळा ढीग दोन्ही हातांनी आक्कांच्या पुढे सरकवला.

‘बारीक काड,’ त्या म्हणाल्या. ‘पोरीचं हाय.’